'करकचून' ब्रेक दाबतात की आवळतात?

पेपरात नेहमी येतं, 'चालकाने करकचून ब्रेक दाबला'. मला हे लहानपणापासून खटकतं, कारण आमच्या घरी करकचून म्हणजे फक्त बांधणं. गवताचा भारा करकचून बांध, पोत्याचं तोंड करकचून आवळ. मग पायाने दाबायच्या वस्तूला करकचून कसं चालेल? 'कचकन ब्रेक मारला' समजतं, त्यात आवाज पण आहे आणि अचानकपणा पण. कुणाला काही माहितीये का?

प्रतिसाद:
करकचून मिठी मारतात, करकचून चिमटा काढतात, तिथे कुठे दोरी असते? सुटायला जागाच ठेवली नाही की झालं करकचून. मला तरी वापर बरोबर वाटतो.

प्रतिसाद:
शब्द ब्रेकला कधी चिकटला ते मला सांगता येणार नाही, पण सुरुवातीच्या मोटारींना तो इतका चपखल बसतो की लिहिल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा बऱ्याच गाड्यांना पट्ट्याचा ब्रेक असायचा, म्हणजे फिरत्या ड्रमला बाहेरून पट्टा गुंडाळलेला आणि लिव्हर ओढला की तो आवळला जायचा, अगदी तुमच्या पोत्याच्या तोंडासारखा. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये (१९०८ ते १९२७) तर पायाचा ब्रेक चाकावर नव्हताच, तीन पेडलांपैकी उजवं दाबलं की गिअरबॉक्समधल्या ड्रमवरचा पट्टा आवळायचा. म्हणजे दाबतोय पाय आणि आवळतोय पट्टा, दोन्ही क्रियापदं खरी.
यातली खरी गंमत पुढे आहे. पट्ट्याचं एक टोक पक्कं असतं, त्यामुळे ड्रम एका दिशेने फिरला की घर्षणानेच पट्टा आणखी ओढला जातो आणि ब्रेक स्वतःच स्वतःला करकचतो, डिझाइन करणाऱ्यांना हे हवंच होतं कारण ड्रायव्हरच्या हातापायात तेवढा जोर कुठून येणार. पण तोच ड्रम उलटा फिरला की पट्टा सैल पडतो. चढावर गाडी मागे घसरायला लागली तर ऐनवेळी ब्रेक धरतच नाही!
शिवाय पट्टा उघडा, धूळ-चिखल सगळा त्यावर. १९०२ मध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक आणला त्यात शू (ड्रमला घासणारे अर्धगोल तुकडे) ड्रमच्या आत गेले आणि आतून बाहेर दाबू लागले, तिथे आवळणं संपलं. गॅरेजमध्ये आपण म्हणतो ना 'कॅम फिरला की शू फाकतात' (कॅम म्हणजे शूंना ढकलणारा फिरता तुकडा), तेच. तेव्हा तुमची शंका रास्तच आहे, ड्रम ब्रेकला काटेकोर बोलायचं तर 'फाकवून ब्रेक लावला' म्हणावं लागेल, पण ते कोण म्हणेल.

प्रतिसाद:
वा, फाकणे हा शब्द विसरूनच गेले होते. 'लायनर', म्हणजे ब्रेकवरचा झिजणारा थर, त्याबद्दल पण सांगते. १८८८ मध्ये मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने गेल्या, तेव्हा उतारांवर लाकडी ब्रेकचे ठोकळे झिजले, तर त्यांनी वाटेत चांभाराकडून ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आपण 'लायनर गेले' म्हणतो त्या लायनरची सुरुवात ही. म्हणून मला 'ब्रेकचं अस्तर' हा शब्द मनापासून आवडतो, झिजायचं ते अस्तराने, मूळ वस्तू शाबूत राहते.

प्रतिसाद:
अस्तर छानच. पण मग चढावर पट्टा सैल पडला की करायचे काय?

प्रतिसाद:
काही गाड्यांच्या खाली बिजागरीवर एक टोकदार दांडा लोंबता ठेवलेला असायचा. चढ आला की तो खाली सोडायचा, गाडी मागे सरकली की टोक रस्त्यात रुतायचं. त्याला मराठी शब्द मी बरेच दिवस शोधतोय. 'टेकू' म्हटलं तर रुतण्याचा अर्थ येत नाही.

प्रतिसाद:
आमच्याकडे घाटात ट्रक थांबला की क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावतो, त्याला 'उटी लावणे' म्हणतात. तुमचा दांडा म्हणजे गाडीबरोबरच फिरणारी उटी. 'लोंबती उटी' म्हणा की.