जुन्या ३२ इंची टीव्हीवर नेटवरचं बघायला स्टिक घ्यावी की बॉक्स? माळवदाचं घर आहे, माजघरात वायफाय पोचत नाही

गोदाकाठ (सेलू, जि. परभणी)

टीव्ही ३२ इंची, साधा एलईडी, स्मार्ट नाही. रिझोल्यूशन १३६६ × ७६८. मागं दोन एचडीएमआय, एक यूएसबी आणि पिवळी-लाल-पांढरी एव्ही. एका एचडीएमआयला डिशचा सेटटॉप बॉक्स जोडलेला आहे, दुसरं मोकळं. नेट फायबरचं, ४० एमबीपीएस. राउटर ढाळजेत (मुख्य दारालगतच्या बैठकीत), कारण वायर गल्लीतून तिथंच आत येते. टीव्ही माजघरात. मधे उघडा चौक आणि मातीच्या दोन भिंती, प्रत्येकी दोन फुटांच्या. ओसरीपर्यंत मोबाइल झकास चालतो, माजघराचा उंबरा ओलांडला की एकच कांडी.

बघणारी मुख्य म्हणजे आई: मराठी मालिका आणि यूट्यूबवर कीर्तन. सुट्टीत लेकरं असतात, त्यांना क्रिकेट आणि कार्टून. बजेट साडेपाच हजार.

दुकानात दीड-दोन हजारात ‘८के, १६ जीबी’ लिहिलेले चौकोनी बॉक्स मिळायलेत, ते घेण्यासारखे आहेत का? एचडी रेडी टीव्हीला फोर के मॉडेल म्हणजे पैसे वाया का? स्टिक टीव्हीच्याच यूएसबीवर चालते का? लाईटचा भरवसा नाही, आणि उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की बल्ब मंद होतो, हेही धरून सांगा.

पिक्सेल_मोजणारा (छत्रपती संभाजीनगर)

दादा, तुमच्या पडद्यावर फोर केचं चित्र दिसणारच नाही, ते खाली उतरून ७६८ ओळींतच बसणार. तरी मॉडेल फोर केचंच घ्या, रॅमसाठी. अमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकच्या एचडी मॉडेलला १ जीबी रॅम आहे, फोर के आणि फोर के मॅक्सला २ जीबी. यूट्यूबवरून हॉटस्टारवर जाऊन परत आलं, की १ जीबीवालं मागचं अॅप मारून टाकतं आणि ते पुन्हा पहिल्यापासून उघडतं. आईंना वाटणार टीव्ही बिघडला. खोक्यावरच्या नुसत्या नावावर जाऊ नका. ‘फोर के सिलेक्ट’ नावाचं मॉडेल आहे, त्यालाही १ जीबीच रॅम आहे. वर ते अमेझॉनच्या स्वतःच्या वेगा ओएसवर चालतं, त्यामुळं अँड्रॉइडची एपीके (अॅपची फाइल) बाहेरून टाकता येत नाही. रॅमचा आकडा वाचा आणि मगच पैसे द्या.

साठवण ८ जीबी लिहिलेली असली तरी हातात पाचेक जीबीच उरतात. सहा-सात अॅप खुशाल बसतात, त्यावर गेम टाकू नका.

बॉक्स हवाच असेल तर गुगलची मान्यता असलेला अँड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्हीचा घ्या. पेनड्राइव्हवरचं बघायचं असेल, जुने स्पीकर ३.५ मिमीच्या जॅकला लावायचे असतील, तर बॉक्स सोयीचा. पण वायर लावता येईल म्हणून बॉक्स घेणार असाल तर आधी मागची बाजू बघा. २०२० साली आलेल्या शाओमीच्या ‘मी बॉक्स फोर के’ला यूएसबी आणि ऑडिओ जॅक आहे, लॅनचा (नेटच्या वायरीचा) जॅक नाही. अॅपल टीव्हीच्या १२८ जीबीच्या मॉडेलला लॅन आहे, पण ते तुमच्या बजेटच्या फार पुढं जातं.

आता दीड-दोन हजारवाले. कृपा करून ते घेऊ नका. त्यांत बहुतेक वेळा टीव्हीचं अँड्रॉइड नसतं, मोबाइलचंच ताणून पडद्यावर बसवलेलं असतं. निम्म्या अॅपमधे रिमोटची बटणं चालत नाहीत, माउसचा बाण फिरवत बसावं लागतं. दुसरं, वाइडवाइन, म्हणजे नक्कल होऊ नये म्हणून असलेलं गुगलचं कुलूप. पैसे घेऊन सिनेमे दाखवणारी अॅप या कुलपाची पातळी तपासतात. एल१ असेल तर एचडी आणि फोर के मिळतं, एल३ असेल तर बहुतेक ठिकाणी ४८० ओळींवर अडकतं. मग खोक्यावर ८के छापलेलं असो नाहीतर आणखी काही. तिसरं सगळ्यात वाईट: असल्या बॉक्समधे कारखान्यातूनच व्हायरस आलेले सापडले आहेत. ‘बॅडबॉक्स २.०’ नावाच्या अशाच जाळ्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआयनं जून २०२५ मधे जाहीर इशारा दिला होता. असा बॉक्स तुमच्या घरच्या वायफायवर बसतो, आणि त्याच वायफायवर तुमचं बँकेचं अॅप चालतं.

दुकानात उभ्या-उभ्या तपासायचं तर दोन गोष्टी करा. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमधे ‘अबाउट’ उघडा, तिथं प्ले प्रोटेक्टचं सर्टिफिकेशन आहे की नाही ते दिसतं. आणि खोक्यावर किंवा अडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. ‘बीआयएस केअर’ अॅपमधे तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते कळतं. क्रमांकच छापलेला नसेल तर बॉक्स तिथंच ठेवून या.

खरेदीआधी एक काम: तुमचा पॅक टीव्हीवर चालतो का ते बघा. मोबाइल रिचार्जसोबत फुकट मिळणारे पॅक पुष्कळदा फक्त मोबाइलपुरते असतात. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर उघडतच नाही, बेसिक ७२० ओळींपर्यंत जातो, आणि तुमच्या पडद्याला तेवढं भरपूर आहे. मालिकांचं सांगायचं तर स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. सह्याद्रीसाठी प्रसार भारतीचं वेव्हज आहे, ते नोव्हेंबर २०२४ मधे आलं. आई कोणत्या वाहिनीवरचं बघतात ते विचारून एकाच अॅपचे पैसे भरा.

तार_आणि_खिळा (लातूर)

वरचं सगळं मान्य, पण तुमचं खरं दुखणं भिंतीत आहे. ४० एमबीपीएस खूप झालं. नेटफ्लिक्स १०८० ओळींसाठी ५ आणि फोर केसाठी १५ एमबीपीएस पुरे म्हणतं. मात्र ते ४० ढाळजेत आहेत. पांढऱ्या मातीची दोन फुटी भिंत, त्यात पावसाळ्यातली ओल, याच्या पलीकडं ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ जातच नाही आणि २.४ लंगडत जातं. दहा हजाराचा बॉक्स लावला तरी माजघरात गोल चक्रच फिरणार.

रिपीटर घेऊ नका. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच्यावरच बोलतो, वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो माजघरात लावला तर त्यालाच सिग्नल नाही, आणि ओसरीत लावला तर पुढं एक भिंत उरतेच.

राउटरपासून माजघरापर्यंत नेटची वायर टाका. कॅट ६, निखळ तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते पण वाकवली की आत तुटते. १०० मीटरपर्यंत अडचण नाही, तुम्हाला वीसेक मीटर लागेल. चौकातून उघड्यावर जाणार असेल तर काळ्या जाकिटाची, बाहेर वापरायचीच घ्या. घरातली करडी वायर आपल्याकडच्या उन्हात तडकते. माळवदात उंदीर असतातच, म्हणून आतला भाग पीव्हीसी पाइपातून न्या. भिंत फोडायची गरज नाही, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून बोटभर भोक पुरतं. विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नका, वीतभर अंतर ठेवा.

दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखाच ठेवा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या दोन तारा एकमेकींपासून लांब, तिसऱ्या आणि सहाव्या जागेवर येतात. घोटाळा तिथंच होतो. त्या शेजारी-शेजारी बसवल्या की दिवा लागतो, पण नेट अडखळतं.

गोदाकाठ

वायर टाकायची तयारी आहे. घरात जुना राउटर पडून आहे, फक्त २.४ गिगाहर्ट्झचा. तो माजघरात लावून चालेल का? की वायर थेट स्टिकलाच?

तार_आणि_खिळा

दोन्ही चालतं. थेट लावायची तर स्टिकला लॅन अडॅप्टर लागतो. तो स्टिकच्या पॉवरच्या तोंडाला बसतो आणि पॉवर त्याच्यातूनच जाते. ‘१०/१००’चा मिळाला तरी घ्या, तुमचा प्लॅनच ४० चा आहे. आपल्या मॉडेलला चालतो का एवढं खोक्यावर बघा.

पण जुना राउटर लावला तर माजघरात मोबाइलही चालेल, म्हणून मी तेच करीन. क्रम चुकवू नका. आधी तो राउटर एकटा, ढाळजेतल्या वायरीशिवाय, लॅपटॉपला जोडा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा. सेव्ह करून नव्या पत्त्यावर पुन्हा आत जा, वायफायचं नाव-पासवर्ड टाका, आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी (जोडलेल्या यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा. आधीच बंद केलं तर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि आत जाता येत नाही. मग ढाळजेतून आलेली वायर त्याच्या लॅन पोर्टात लावा. निराळ्या रंगाचं वॅनचं (बाहेरून येणाऱ्या नेटचं) तोंड मोकळंच ठेवा. डीएचसीपी चालू राहिलं तर दोन राउटर पत्ते वाटायला लागतात, आणि कधी चालतं, कधी नाही असा खेळ सुरू होतो.

त्याच्या वायफायचा चॅनल १, ६ किंवा ११ पैकी ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर, म्हणजे तोही २.४ वरच चालतो. स्टिक टीव्हीच्या पत्र्याला चिकटून बसली तर रिमोट उशिरा ऐकतो. खोक्यात एचडीएमआयचा छोटा वायरीचा तुकडा येतो, तो लावून स्टिक कडेला लोंबती ठेवा. पुष्कळ जण तो खोक्यातच विसरतात.

डीपी_जवळचं_घर (जालना)

लाईटबद्दल सांगतो. टीव्हीच्या यूएसबीवर स्टिक लावू नका. यूएसबी २.० चं तोंड अर्धा अँपिअर देतं, आणि स्टिकसोबतचा अडॅप्टर एक अँपिअरचा असतो. सुरू होईल, लोगो दिसेल, अॅप उघडायला जोर लागला की पुन्हा लोगो. लोक त्याला स्टिक खराब म्हणतात. मोबाइलची जुनी, लांब चार्जिंग वायर लावली तरी हेच होतं. सोबत आलेलीच वापरा.

अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, म्हणून कूलरनं व्होल्टेज पडलं तरी तो सहसा तग धरतो. पण कूलर आणि टीव्ही एकाच बोर्डावर असतील, सॉकेट ढिलं असेल, तर मोटर सुरू होताना क्षणभर तुटतं आणि स्टिक रीस्टार्ट होते. कूलर दुसऱ्या बोर्डावर न्या. स्पाइक गार्ड पडलेलं व्होल्टेज उचलत नाही, ही समजूत काढून टाका.

खरी भीती जास्त व्होल्टेजची. डीपीवर न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी ४०० च्या जवळपास येऊ शकतं, आणि त्यात टीव्ही, राउटर, स्टिक सगळं जातं. त्यासाठी जास्त-कमी व्होल्टेजला आपोआप तोडणारं उपकरण मिळतं, ते मेन बोर्डात वायरमनकडून बसवून घ्या. तोवर लाईट गेली की टीव्हीचं बटण बंद करा, आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून लावा.

राउटरला छोटा यूपीएस लावा. राउटरच्या अडॅप्टरवरचा आकडा वाचा, बहुतेक १२ व्होल्ट, १ ते २ अँपिअर. यूपीएस तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा हवा. तुमच्याकडं आता दोन राउटर होणार, तर दोन्हींना लागेल. जीपीओएन पद्धतीच्या फायबरमधे गल्लीतल्या स्प्लिटरला (लाइन घरोघरी वाटणाऱ्या डबीला) वीज लागत नाही, त्यामुळं पलीकडच्या केंद्रात लाईट असली की नेट चालू राहतं. केबलवाल्यानं कुणाच्या घरात स्विच ठेवून लाइन पुढं दिली असेल, तर त्या घरची लाईट गेली की तुमचं नेट गेलं. हे त्याला आधीच विचारा.

पिक्सेल_मोजणारा

आईंच्या सोयीचं राहिलं. अलेक्साला हिंदी आणि इंग्रजी कळतं, मराठी नाही. मालिकेचं नुसतं नाव बोललं तर पुष्कळदा सापडतं, ‘कालचा भाग लाव’ म्हटलेलं कळणार नाही. कीर्तनासाठी यूट्यूबच्या सेटिंग्जमधे ‘टीव्ही कोडनं जोडा’ आहे. पडद्यावर १२ आकडी कोड येतो, तो मोबाइलच्या यूट्यूबमधे टाकायचा. एकाच वायफायवर असायची अट नाही. पुण्यात बसलेला मुलगासुद्धा आईच्या टीव्हीवर कीर्तन लावू शकतो.

स्टिकच्या सेटिंग्जमधल्या प्रेफरन्सेसमधे ‘फीचर्ड कंटेंट’ आहे, तिथला व्हिडिओ आणि आवाजाचा ऑटोप्ले बंद करा. नाहीतर होमवर नुसतं थांबलं तरी जाहिरात बोलायला लागते, आणि नेटही खाते. जुन्या टीव्हीत चित्राच्या कडा कापल्या जातात, घड्याळ अर्धंच दिसतं. टीव्हीच्या पिक्चर साइजमधे ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ शोधा, नसेल तर स्टिकच्या डिस्प्लेमधल्या कॅलिब्रेटनं बसवा. लावल्या-लावल्या पडदा काळाच राहिला तर रिमोटवरचं ‘अप’ (वर जायचं) बटण आणि रिवाइंड दोन्ही १० सेकंद दाबून धरा. स्टिक एकेक रिझोल्यूशन दाखवत जाते, दिसलं की तिथंच ठेवायचं.

गोदाकाठ

२ जीबीची फोर के स्टिक, वीस मीटर काळी वायर आणि दोन छोटे यूपीएस, असं ठरलं. यूपीएसचे पैसे बजेटच्या वर जातील, ते पुढच्या महिन्यात. वायर पत्र्याच्या पन्हाळीखालून येणार आहे, पावसात पाणी वायरीवरून आत उतरेल का?

तार_आणि_खिळा

उतरेल. भोकात शिरायच्या आधी वायर वीतभर खाली लोंबू द्या, मग वर वळवून आत घ्या. पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडतं. भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं पाडा आणि वायर टाकून झाल्यावर सिलिकॉननं बुजवा; मातीनं लिंपलं तर पहिल्याच पावसात धुऊन जाईल.