उद्या कोण कोण बाहेर पडतंय ते आत्ताच लिहा

काका, रात्री ८:४०
सगळ्यांनी वाचा. बाहेर पाऊस पडतोय म्हणून खूश होऊ नका, हा नेहमीचा पाऊस नाहीये. वर हवा जरा उबदार आहे म्हणून थेंब पाण्याचेच येतायत पण खाली जमीन शून्याच्या खाली गेलीये, थेंब टेकला की जागच्या जागी गोठतो. आत्ता पायरीवर हात फिरवून आलो, नुसता गुळगुळीत थर. भुसभुशीत बर्फ असता तर बूट तरी रुतला असता, यात काही रुतत नाही. तर उद्या कोण कोण बाहेर पडतंय ते आत्ताच लिहा, सकाळी फोनाफोनी नको.

काकू, रात्री ८:४१
हात फिरवायला स्वतः बाहेर गेले होते, चपला घालून. हे पण लिहा म्हणावं.

ताई, रात्री ८:४६
मला जावंच लागणार, सकाळची ड्यूटी आहे. हॉस्पिटल बंद नसतं.

दादा, रात्री ८:५२
मी पण जाणार. दहाला रिव्ह्यू आहे आणि आमचा साहेब उगाच तोंड वाकडं करतो.

ताई, रात्री ८:५५
दादा तुझा रिव्ह्यू लॅपटॉपवर होतो ना? मग तू घरीच बस. राग येऊ देऊ नकोस पण ज्यांना जायलाच लागतं त्यांच्यासाठी रस्ता मोकळा असणं हीच मोठी मदत असते, मागच्या वेळी एक गाडी आडवी झाली आणि तिच्या मागे सगळे अडकले, त्यात आमची रात्रपाळी संपलेली माणसं पण आणि पुढच्या पाळीला येणारी पण.

दादा, रात्री ८:५८
तुला काय जातंय बोलायला, तिथे कोण गैरहजर ते सगळे बघतात.

वहिनी, रात्री ८:५९
सगळे म्हणजे तो एकच.

मी, रात्री ९:०५
माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर पण हेच चाललंय. एक जण विचारतो येऊ का, बाकीचे गप्प, कारण पहिलं नाही कोणी म्हणायचं. शेवटी मीच लिहिलं की मी उद्या घरून काम करतेय, साइटवर हात लागणार असेल तर आत्ता सांगा. लगेच पाच जणांचं 'मी पण' आलं. म्हणजे सगळे वाटच बघत होते. साहेबांनी नुसता अंगठा टाकला.

छोटू, रात्री ९:११
आम्हाला कसलं घरून काम. गोदामात माल उतरवायला लॅपटॉप चालतो का. पहाटे ५ ची पाळी आहे.

काका, रात्री ९:२४
बरं मग जे जाणार त्यांनी आज रात्री एवढं करा. वायपर काचेवरून उचलून उभे ठेवा नाहीतर सकाळी रबर काचेलाच चिकटून बसेल आणि घाईत ओढलं की फाटेल. दाराच्या रबरावरचं पाणी कोरड्या फडक्याने पुसा, दार गोठलं तर हँडल धरून हिसके मारू नका, बाहेरून अंगाने दार आत दाबा म्हणजे थर तडकतो आणि मग उघडतं. काचेवर उकळतं पाणी कोणीही ओतायचं नाही, काच तडकते, आणि पायरीवर तर नाहीच नाही, ते पाणी दहा मिनिटांत नवीन बर्फ होऊन बसतं. बॅटरी जुनी असेल तर भरवसा ठेवू नका, उणे १८ च्या आसपास तिची ताकद जवळपास निम्मी होते आणि नेमकं त्याच वेळी इंजिनमधलं तेल घट्ट झालेलं असतं म्हणून स्टार्टरला जोर जास्त लागतो. टायरची हवा पण थंडीत उतरते, साधारण साडेपाच अंश उतरलं की एक पीएसआय कमी. आणि गाडी गरम करायची म्हणून बंद गॅरेजमधे चालू ठेवायची नाही. दार अर्धं उघडं ठेवलं तरी नाही. त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो, त्याला वास नसतो, कळतच नाही.

आत्या, रात्री ९:३०
माझ्या किचनच्या नळाला धार बारीक झालीये, बर्फामुळे का?

काका, रात्री ९:३३
हो तेच. बाहेरच्या भिंतीला लागून आहे ना तो पाइप. नळ पूर्ण बंद करू नकोस, पेन्सिलीपेक्षा बारीक धार चालू ठेव, गरम-थंड दोन्ही. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेव म्हणजे घरातली ऊब आत जाईल. आणि पाणी बंद करायचा मुख्य कॉक कुठे आहे ते आत्ताच बघून ठेव, फुटल्यावर शोधत बसू नकोस.

आत्या, रात्री ९:३५
नळ चालू ठेवून काय होणार, गोठायचं ते गोठणारच की.

काका, रात्री ९:४१
अगं गोठलं तरी चालेल, फुटायला नको. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, बर्फ पाइपमधे पुढे सरकतो आणि तो बर्फ आणि बंद नळ यांच्यामधे जे पाणी अडकतं त्याचा दाब वाढत जातो, पाइप त्या दाबाने फुटतो. नळ थोडा उघडा असला की दाबाला वाट मिळते. म्हणून.

ताई, पहाटे ५:५०
निघाले. गाडीचं दार काकांनी सांगितल्यासारखंच दाबून उघडलं. छतावरचा बर्फ पण काढलाय, नाहीतर पहिल्याच ब्रेकला सगळा पुढच्या काचेवर येतो. रस्त्यावर काही दिसत नाहीये, डांबर नुसतं ओलं वाटतं, आणि तेच वाईट.

काका, पहाटे ५:५२
पुलावर सांभाळ. पुलाला वरून पण गार वारा आणि खालून पण, जमिनीची ऊब मिळत नाही, म्हणून बाकी रस्ता ठीक असला तरी पूल आधी गोठतो. पुलावर ब्रेक नाही, स्टिअरिंगला झटका नाही, आधीच हळू होऊन सरळ निघून जा. चाक सुटलंच तर ॲक्सिलरेटर सोड, जायचं असेल तिकडे बघ आणि तिकडेच स्टिअरिंग ने. पुढच्या गाडीपासून अंतर भरपूर, निसरड्यावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट जागा लागू शकते. आता उत्तर देऊ नकोस, गाडी चालव.

ताई, सकाळी ६:४८
पोचले.

वहिनी, सकाळी ७:२०
शाळा दोन तास उशिरा भरणार असा मेसेज आलाय. यापेक्षा सुट्टी दिली असती तर बरं झालं असतं, आता ना धड माझी नऊची मीटिंग होणार ना धड मुलाचं आवरणं. हे अंथरुणातच आहेत, साहेबांनी रात्री ११ ला रिव्ह्यू ऑनलाइन केला, आणि आता म्हणतायत मी आधीच सांगत होतो.

मी, सकाळी ७:२२
दादा कमाल आहे तुझी.

दादा, सकाळी ७:३१
ते सोडा, जमिनीवरचं बोला. जिन्याबाहेर मीठ टाकलं तर काहीच वितळत नाहीये, किलोभर ओतलं.

काका, सकाळी ७:३६
बाहेर उणे १४ आहे. साधं मीठ उणे ९ च्या पुढे नावालाच काम करतं. तुझ्याकडे ती कॅल्शियम क्लोराईडची पिशवी आहे ना, दाणे पांढरे गोल असतात ती, ती उणे २० च्या खाली पण चालते. ती नसेल तर सरळ वाळू टाक, वितळणार काही नाही पण पाय तरी ठरेल. आणि ओतायचं नसतं रे, मुठीने भुरभुरायचं, दाणे सुटे सुटे पडले पाहिजेत.

काकू, सकाळी ७:४०
यांना कोणीतरी सांगा, फावडं घेऊन निघालेत.

ताई, सकाळी ७:४४
काका फावडं ठेवा. हे गमतीत घेऊ नका. थंडीत रक्तवाहिन्या आधीच आकसतात, त्यात उठल्या उठल्या एकदम जोर केला की हृदयावर ताण येतो, बर्फ उपसताना हार्ट अटॅक आलेले लोक आम्ही दर हिवाळ्यात बघतो. तुमची एक गोळी चालू आहे विसरू नका. दादा घरीच आहे ना? त्याला बोलवा.

दादा, सकाळी ७:४५
आलो.

काका, सकाळी ७:४६
मी नुसतं बघणार होतो.

छोटू, सकाळी ९:१५
ब्रेक झालाय. माल चढवायचं शटर सतत उघडं असतं त्यामुळे आत-बाहेर सारखीच थंडी. आमच्या इथल्या एका पोराचे हातमोजे ओले झाले होते, तरी तसाच काम करत राहिला, मघाशी मोजा काढला तर दोन बोटांची टोकं पांढरी, मेणासारखी, आणि तो म्हणतो काही दुखत नाहीये. मुकादम म्हणाला चोळ. मी म्हटलं थांब आधी ताईला विचारतो.

ताई, सकाळी ९:१७
चोळायचं नाही!! दुखत नाहीये हीच काळजीची गोष्ट आहे, बधिर झालंय. हीटरसमोर पण धरायचं नाही, चटका बसला तरी त्याला कळणार नाही. कोमट पाणी घ्या, ३७ ते ३९ डिग्री, थर्मामीटर नसेल तर तू तुझ्या कोपराने बघ, त्याने स्वतःच्या हाताने बघायचं नाही. अर्धा तास बुडवून ठेव. रंग परत येताना भयंकर ठणकतं, ते ठीक आहे. त्यानंतर त्याला पुन्हा शटरपाशी पाठवू नका, एकदा गरम केलेलं पुन्हा गोठलं तर जास्त नुकसान होतं. रंग आला नाही किंवा फोड आले तर लगेच इकडे आणा.

छोटू, सकाळी १०:०२
आला रंग. एक बोट अजून जरा पिवळट आहे, कळ पण मारतेय, शिव्या देतोय सगळ्यांना. मुकादमाने त्याला आत नोंदवहीवर बसवलंय. आणि आता सगळ्यांनी हातमोज्यांचा दुसरा जोड ठेवायचा, ओला झाला की बदलायचा असं ठरलं. कोणीतरी आधीच ठरवायला हवं होतं पण ठीक आहे. मी वेगळ्या बोटांचे मोजे सोडून मुठीचे घातलेत, बोटं एकमेकांना चिकटून राहतात म्हणून खूप फरक पडतो, फक्त टेप कापताना काढावे लागतात.

वहिनी, सकाळी १०:४०
इकडे मीटिंग चालू असताना चिरंजीव स्क्रीनसमोर येऊन म्हणाले आई माझा एकच मोजा सापडतोय. क्लायंट म्हणाला माझ्याकडे पण सकाळपासून हेच चाललंय. नंतर सगळं पटापट झालं.

आत्या, सकाळी ११:०५
नळ गेला बाई. रात्री झोपताना आवाज येतो म्हणून बंद केला होता.

काका, सकाळी ११:०८
बरं. नळ आता उघडून ठेव. हेअर ड्रायर आहे ना, नळाकडून सुरुवात कर आणि मागे मागे भिंतीकडे जा, उलटं नको, नाहीतर वितळलेलं पाणी मधेच अडकेल. ड्रायर पाण्यापासून लांब, खाली ओलं असेल तर आधी पुसून घे. मेणबत्ती, बर्नर असलं काही लावायचं नाही. मधेच कुठे पाणी गळताना दिसलं तर सरळ मुख्य कॉक बंद कर.

आत्या, सकाळी ११:५०
ठिपकायला लागलं. आता चालू ठेवते, आवाज सहन करीन.

मी, दुपारी २:१०
ऊन पडलंय, समोरचं सगळं वितळतंय, पार्किंगमधे पाणीच पाणी. बरं झालं एकदाचं.

ताई, दुपारी २:१८
बरं कसलं, आता खरी भीती आहे. सकाळी सगळे घाबरून चालतात. दुपारी ओलं दिसतं, माणूस निवांत होतो, साडेचारला ऊन गेलं की तेच पाणी परत गोठतं, वर पातळ थर, आणि त्याच वेळी सगळी ऑफिसं सुटतात. आमच्याकडे मनगट मोडलेले लोक संध्याकाळीच जास्त येतात, पडताना हात पुढे टाकतात ना. छोटू तू कधी सुटतोस?

छोटू, दुपारी २:२५
२ लाच सुटायचं होतं, पण पुढच्या पाळीचे अर्धेच आलेत म्हणून थांब म्हणाले. ६ पर्यंत म्हणतायत.

काका, दुपारी २:२८
४ ला निघ. सांग त्यांना.

छोटू, दुपारी २:३०
काका असं सांगता येत नाही हो, बाकीचे पण थांबलेत, मी एकटाच कसा जाऊ.

मी, दुपारी २:३४
मग एकट्याने मागू नकोस. सगळ्यांनी मिळून सांगा की आत्ता अर्धे सोडा, लांबचे आधी, जवळचे थांबतील. 'मला घरी जायचंय' म्हटलं की ते टाळतात, कोण कधी निघणार याची यादीच पुढे ठेवली की त्यांना पण सोपं जातं.

छोटू, दुपारी ३:२०
चाललं! लांबचे चार निघाले, मी साडेतीनला निघतोय. मुकादम स्वतः थांबलाय. माणूस वाईट नाहीये, फक्त चोळायचं वेड आहे.

दादा, दुपारी ३:२४
चालताना पेंग्विनसारखा चाल, छोटी पावलं, वजन पुढच्या पायावर, हात खिशातून बाहेर. हसू नकोस, मी सकाळी फावडं घेऊन तसाच चाललो.

वहिनी, दुपारी ३:२५
व्हिडिओ आहे माझ्याकडे.

छोटू, दुपारी ४:१२
पोचलो. फोन मधेच बंद पडला, ३० टक्के बॅटरी दाखवत होता, थंडीत एकदम उतरते. आतल्या खिशात ठेवा सगळ्यांनी, वरच्या जॅकेटमधे नको.

काका, संध्याकाळी ५:४०
ताई निघालीस का? पार्किंगमधलं परत गोठलंय.

ताई, संध्याकाळी ६:०५
नाही. माझ्या जागी येणारी पोचू शकली नाही, गाडी चढावर मागे घसरायला लागली म्हणून तिने परत नेली, बरोबरच केलं. मी रात्री इथेच थांबतेय, झोपायला जागा आहे, अंगावर बदलायला कपडे आणलेत. सकाळी कोणी आलं की निघेन, उजाडल्यावरच. वहिनी, माझी चावी तुझ्याकडे आहे ना, वर जाऊन किचनचा नळ बारीक सोडशील का? सकाळी निघताना मी बंदच केलाय.

वहिनी, संध्याकाळी ६:१६
सोडला, गरम-थंड दोन्ही. सिंकखालचं कपाट पण उघडलंय. खिडकीतलं झाड आतल्या खोलीत घेतलं, काचेला पानं चिकटली होती. तुझं पार्सल जिन्यात होतं ते पण वर ठेवलंय.

दादा, संध्याकाळी ६:२०
साहेबांचा मेसेज आलाय, उद्या पण ऑनलाइन. मी विचारलं पण नव्हतं.

ताई, संध्याकाळी ६:२२
मग उद्या उजाडलं की माझ्या पार्किंगच्या जागेवर वाळू टाक.