माद्रिदची जर्मन शाळा, तीन भाषा आणि घरातली अहिराणी : कुणाला अनुभव आहे का?

साक्रीची सून

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण आमच्या घरात महिनाभर हाच विषय चाललाय, म्हणून सगळं सांगते.

माझे मिस्टर पवनचक्क्यांचं काम करतात. पहिली नोकरी आमच्याच साक्री तालुक्यात, ब्राह्मणवेलला. आता एका जर्मन कंपनीत आहेत आणि कंपनी चार वर्षांसाठी माद्रिदला पाठवतेय. पुढे बहुतेक हाम्बुर्ग, नाहीतर परत पुणे. लेकीला ऑगस्टात सहा पूर्ण होतील, सप्टेंबरात तिची पहिली सुरू. फी कंपनी भरणार आहे. एक तर इंग्रजी इंटरनॅशनल शाळा, नाहीतर तिथली जर्मन शाळा. जर्मन शाळा जुनी आहे, १८९६ सालची. शिकवणं जर्मनमधून, जोडीला स्पॅनिश, आणि इंग्रजीही आहेच.

आता लेकीचं. सासूबाई तिच्याशी अहिराणीच बोलतात. ‘भूक लागनी का तुले?’ म्हटलं की तीही अहिराणीतच उत्तर देते. माझ्याशी मराठी. बालवाडी इंग्रजी माध्यमाची, पण ते इंग्रजी म्हणजे कविता, रंग आणि शंभरपर्यंत आकडे. जर्मन किंवा स्पॅनिशचा एक शब्दही तिच्या कानावर पडलेला नाही.

पुण्याच्या एका ओळखीच्यांनी सल्ला दिला की जायच्या आधी घरात मराठी बंद करा, ऑनलाइन जर्मन लावा, आणि अहिराणी तर आजपासूनच थांबवा, पोरगी गोंधळेल. हे सगळं सासूबाईंच्या समोर. त्या दिवसापासून त्या नातीशी पुस्तकी मराठी बोलायला बघतात, दोन वाक्यांत अडखळतात आणि गप्प बसतात. पोर आजीच्या तोंडाकडे बघत राहते. मला ते बघवत नाही.

एवढ्याशा जिवाला एकदम तीन नव्या भाषा झेपतात का? घरची भाषा खरंच थांबवावी लागते का? आणि जर्मन घ्यावी की इंग्रजी?

---

केळीबाग रावेर

ताई, सरळ इंग्रजी शाळा घ्या. माझे चुलतभाऊ केळीच्या व्यापारात दुबईला आहेत, त्यांच्या मुलांनी तेच केलं. उद्या पुण्याला परत आलात तर जर्मन-स्पॅनिश कुठे वापरणार? इंग्रजी सगळीकडे चालते.

---

जर्मनवाले सर, जळगाव

मी जर्मन शिकवतो. केळीबाग यांचं म्हणणं पुण्याला परतणाऱ्यांसाठी बरोबर आहे. पण ताईंनी हाम्बुर्गचं नाव घेतलंय आणि माझ्या मते निर्णय तिथेच अडकलाय.

जर्मनीत बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असते. चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. हाम्बुर्गमध्ये एक वाट गिम्नाझियमची (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा) आणि दुसरी ष्टाटटाइलशूलेची (सगळ्या प्रकारच्या मुलांना सामावून घेणारी शाळा). तुमचा हिशोब मांडा. लेक आता पहिलीत, मुक्काम चार वर्षांचा, म्हणजे तुम्ही हाम्बुर्गला पोचाल तेव्हा ती नेमकी या फाट्यावर उभी असेल. नव्याने आलेल्या मुलांसाठी तिथे भाषेचे तयारी वर्ग असतात, दार बंद होत नाही. पण दहाव्या वर्षी शून्यातून जर्मन सुरू करणं आणि चार वर्षांची जर्मन गाठीशी घेऊन जाणं यात फार अंतर आहे.

परदेशातल्या जर्मन शाळांबद्दल थोडं. अशा मान्यताप्राप्त शाळा जगभर १३० हून जास्त आहेत. मुंबईतही ब्रीच कँडीला एक आहे, १९६१ पासून. देखरेख जर्मन सरकारच्या एका मध्यवर्ती कार्यालयाची असते (१९६८ साली स्थापन झालेलं), आणि जर्मनीतून शिक्षकही पाठवले जातात. माद्रिदसारख्या शाळेला ते ‘बेगेग्नुंग्सशूले’ म्हणतात, म्हणजे भेटीची शाळा. जर्मन आणि स्थानिक मुलं एकाच वर्गात शिकतात. तेव्हा वर्गात सगळेच घरून जर्मन घेऊन आलेले असतील ही भीती मनातून काढा. बरीच मुलं घरी स्पॅनिशच बोलणारी असतात. फक्त त्यांतली पुष्कळशी तिथल्याच बालवाडीतून आलेली असतात, म्हणून पहिलीत थेट येणाऱ्या मुलीसाठी काय सोय आहे हे लेखी विचारा. जर्मन ही परकी भाषा समजून शिकवायचे जादा तास आठवड्याला किती, आणि ते वर्ग चालू असताना बाहेर काढून की शाळा सुटल्यावर? ‘मदत करतो’ एवढ्या उत्तरावर थांबू नका.

शेवटी बारावीला आबिटूर, म्हणजे शाळेची शेवटची मोठी परीक्षा असते. भाषेच्या दोन पायऱ्यांच्या ‘श्प्राखडिप्लोम’ परीक्षाही असतात. दुसरी पायरी जर्मन विद्यापीठात प्रवेशासाठी भाषेचा पुरावा म्हणून चालते. तुम्हाला हे आत्ता लागणार नाही. एक मात्र आजच घरात सांगून ठेवा: तिथे १ म्हणजे सगळ्यात चांगला गुण आणि ६ म्हणजे नापास. प्रगतिपुस्तकावर १ बघून आजी घाबरायला नको.

---

अक्राणीचे गुरुजी

ताई, मला परदेशातल्या शाळांचं काही कळत नाही. पण तुमच्या सासूबाई गप्प बसतात हे वाचलं आणि लिहायला बसलो.

मी धडगाव तालुक्यात २६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर होतो. आमच्याकडे मुलं पावरी, भिली बोलत शाळेत येतात आणि पुस्तक मराठी. तुमची लेक माद्रिदला जे अनुभवेल ते आमची मुलं सातपुड्यात, घरापासून अर्ध्या कोसावर रोज अनुभवतात.

एक मुलगी होती. जूनमध्ये आली, खिडकीखाली बसायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तोंडातून शब्द नाही. मी तिला मंद समजलो. तिच्या बापालाही तसं बोललो, त्याचं आजही वाईट वाटतं. मग मोहफुलं वेचायच्या दिवसांत एकदा पहाटे वाटेत दिसली. टोपलीपाशी बसून धाकट्या भावाला फुलांचे वाटे मोजून देत होती. तिच्या बोलीत, भराभर, एकही चूक नाही. गणित तिला येतच होतं, माझी भाषा येत नव्हती. त्या उन्हाळ्यात मी पावरी आकडे पाठ केले. पुढच्या वर्षापासून पहिलीच्या वर्गाला आधी त्यांच्या बोलीत मोजायला लावायचो आणि मग मराठीत. जी मुलं पूर्वी वर्षभर बसून राहायची ती दिवाळीच्या आत बोलायला लागली.

तेव्हा लेक तिथे पहिले चार-सहा महिने शाळेत गप्प राहिली तर घाबरू नका. ती ऐकत असते. पण घरीही गप्प राहू लागली तर मात्र लक्ष द्या. आणि घरी बोलायला तिच्याकडे अहिराणी आणि मराठी असायलाच हवी. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, गुरुजींनी सांगितलंय, अहिराणीतच बोला.

---

बोरीकाठची

माहेर अमळनेर. नऊ वर्षं लिस्बनला होतो, दोन्ही मुलं तिथल्या जर्मन शाळेत शिकली. शाळेत जर्मन, पोर्तुगीज, इंग्रजी आणि घरी मराठी. म्हणजे तुझाच प्रश्न, फक्त देश शेजारचा. म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना?

धाकटा पाच वर्षांचा असताना बालवाडीत गेला. त्याचं फार सांगण्यासारखं काही नाही, मैदानावर खेळता खेळता शिकला. मोठी मात्र आठ वर्षांची होती, थेट तिसरीत बसली. तिच्या बाबतीत मी जी चूक केली ती तू करू नकोस, म्हणून एवढं लिहितेय.

मी मराठी बंद केली. कुणी सक्ती केली नव्हती, मलाच वाटलं की लवकर शिकेल. माझी स्वतःची जर्मन तेव्हा सहा महिन्यांच्या क्लासएवढी. त्या तुटक्या जर्मनमध्ये मी पोटच्या मुलीशी बोलायचे. ‘जेव’, ‘झोप’, ‘दप्तर भर’ एवढं यायचं. रागावता यायचं, समजूत काढता यायची नाही. शाळेत कुणी काही बोललं तर ते तिला माझ्यापाशी सांगता येत नव्हतं आणि मलाही खोदून विचारता येत नव्हतं. अमळनेरहून वडिलांचा फोन आला की ती ‘हो’, ‘नाही’ एवढ्यावर आटपायची. सात महिने असं चाललं. एका रात्री तिला ताप होता, झोपेत ती मराठीत बडबडत होती, आणि मी सवयीने तिला जर्मनमध्ये ‘काय झालं’ विचारलं. दुसऱ्या दिवसापासून घरात फक्त मराठी.

आणि त्यानंतर तिची जर्मन सुधारली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गणिताचं शब्दांतलं उदाहरण ती जर्मनमध्ये वाचायची, आम्ही ते मराठीत बोलायचो. २७ केळी, ४ घरांत सारखी वाटायची, प्रत्येकाला किती आणि उरली किती? एकदा ‘उरली’ हे डोक्यात बसलं की जर्मनमध्ये ‘रेस्ट ३’ लिहायला दोन सेकंद. आम्ही दोघींनी वहीच केली होती. जर्मन शब्द, पोर्तुगीज शब्द, मराठी शब्द शेजारी शेजारी. तिकडे भागाकाराचं चिन्ह म्हणजे नुसती दोन टिंबं, आणि दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम, हेही त्याच वहीत.

मराठी मुलाला जर्मनमध्ये काही गोष्टी आयत्या मिळतात, ते कुणी सांगत नाही. आपण ‘पंचेचाळीस’ म्हणतो, पाच आधी, चाळीस नंतर. जर्मनही तसंच, ‘पाच आणि चाळीस’. स्पॅनिश, पोर्तुगीज, इंग्रजीत चाळीस आधी. त्यामुळे माझ्या मुलाच्या वर्गातली घरी पोर्तुगीज बोलणारी काही मुलं जर्मनमध्ये सांगितलेले ४५ हे ५४ लिहायची, माझा मुलगा नाही. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ आलं, तेव्हा इकडे केवढा वाद झाला होता. मला तेव्हा लिस्बनची ती मुलं आठवत होती.) तसंच लिंगाचं. स्पॅनिशमध्ये नामं पुल्लिंगी नाहीतर स्त्रीलिंगी. जर्मनमध्ये तिसरंही आहे, आपल्या ‘ते’सारखं. आपण ‘ते लेकरू’ म्हणतो, त्यांचं ‘दास किंड’ही नपुंसकलिंगीच. प्रत्येक शब्दाचं लिंग जुळत नाही, पाठ करावंच लागतं, पण तिसरं लिंग असतं तरी कशाला, हा प्रश्न मराठी मुलाला पडत नाही. ‘चाक’मधला च तर त्यांच्या झेडचाच उच्चार. आगगाडीला ‘त्सूक’ म्हणायला माझ्या मुलांना कुणी शिकवावं लागलं नाही.

एकदम तीन भाषा झेपतात का? झेपतात, पण एकाच वेगाने येत नाहीत. जिम कमिन्स नावाच्या टोरोंटोच्या अभ्यासकाचं म्हणणं आमच्या तिथल्या भाषा-शिक्षिकेने मला समजावलं होतं: खेळण्या-बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, विज्ञान-इतिहास समजून लिहायची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. माझी मुलगी दीड वर्षात मैत्रिणींशी फडाफड बोलत होती, म्हणून मी जादा तास बंद करायला निघाले होते. शिक्षिकेने थांबवलं. पाचवीत निबंध आला तेव्हा कळलं की तिने का थांबवलं. तू सर म्हणाले तसे जादा तास विचारशीलच, पण ते किती वर्षं मिळतात हेही विचार.

तुमची स्वतःची तयारीही लागेल. पालकसभा जर्मनमध्ये होते, ‘एल्टर्नआबेंड’ म्हणतात, संध्याकाळी. पहिल्या वर्षी मी मुलांच्या वर्गातल्या एका पोर्तुगीज आईच्या शेजारी बसायचे, ती मला इंग्रजीत कुजबुजून सांगायची. तिचं जर्मन माझ्याहून फार बरं नव्हतं, पण दोघींना मिळून पुरायचं. आणि पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलांना कागदाचा मोठा शंकू देतात, खाऊ आणि पेन्सिली भरून. तो पालकांनी करायचा असतो. आधी माहीत असू दे, म्हणजे ऐन वेळी तुझी लेक रिकाम्या हाताने उभी राहणार नाही.

जर्मन की इंग्रजी? हाम्बुर्ग निम्म्याहून जास्त नक्की असेल तर जर्मन. पुणे नक्की असेल तर केळीबाग म्हणतात तसं इंग्रजी. मिस्टरांना कंपनीकडून हे आधी वदवून घ्यायला सांग, कारण चार वर्षांनी शाळा बदलायचा भार लेकीवर पडणार आहे, कंपनीवर नाही.

---

साक्रीची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजी, तुमचा निरोप सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. काल संध्याकाळी अंगणात नातीला ‘आठे ये’ म्हणून हाक मारली आणि तिला मांडीवर घेऊन गोष्ट सांगत बसल्या, पूर्ण अहिराणीत. मी मोबाइलवर रेकॉर्ड केली. जाईपर्यंत रोज एक करणार आहे.

सर, चौथीच्या फाट्याचं आम्हाला माहीतच नव्हतं. मिस्टरांनी आज कंपनीत विचारलं. हाम्बुर्गचं लेखी देत नाहीत, पण त्यांच्या आधी माद्रिदला गेलेले तिघंही पुढे तिकडेच गेलेत. म्हणून जर्मन शाळेत अर्ज करतोय. जादा तासांचे प्रश्न आज मेलवर पाठवले: आठवड्याला किती, केव्हा आणि किती वर्षं.

बोरीकाठची ताई, अगं-तुगंच चालेल. एक सांगाल का, मराठी वाचन-लेखनासाठी तिकडे काय नेलं होतं? वजनाची मर्यादा आहे.

---

बोरीकाठची

बालभारतीचं पहिलीचं आणि दुसरीचं मराठीचं पुस्तक छापील ने, मुलांना हातात धरायला लागतं. पुढच्या इयत्तांची बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात, ती नंतर उतरवून घे. दुरेघी वह्या इथूनच ने. एक पाटी आणि पेन्सिलीही ने, अक्षरं गिरवायला आम्हाला तीच बरी पडली. रविवारी सकाळी अर्धा तास, त्याहून जास्त नको, नाहीतर पोर कंटाळते. आणि आजीला फोनवर रोज पाच मिनिटं तरी अहिराणीत बोलू दे. माद्रिदहून साक्री उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते. तिकडे शाळा सुटेपर्यंत आजीची जेवायची वेळ झालेली असेल, तेव्हा ती जमवून ठेव.