नर्तकी पुतळ्यासारखी दिसते, सुरुवात कुठून करू?

आभाळरेघ:
चार महिने एकाच चित्रावर अडले आहे. जलरंगात गिरकी घेणारी नर्तकी आणि पुढे फुलदाणीत पॉपीची फुलं. फोटोवरून मापं घेतली, प्रमाण चुकलेलं नाही. तरी ती नुसती उभी वाटते आणि फुलं वरून चिकटवल्यासारखी. तुम्ही सुरुवात कशी करता?

कोळसापूड:
वीस वर्षं हेच दोन विषय रंगवतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी फोटो बाजूला ठेवा. नाचाच्या तालमीला बसा, हातात कोळसा घ्या आणि तीस-तीस सेकंदांत एकेक रेखाटन करा. माझ्या साठ कागदांतले पाच कामाचे निघतात, आणि ते पाच पुरतात. पहिली रेघ मानेपासून टाचेपर्यंत एकच. हातपाय नंतर.

गिरकीत नजर एका जागी खिळलेली असते. धड आधी वळतं, मान शेवटी झटक्यात फिरते आणि कपड्याचा घेर सगळ्यांच्या मागून येतो. मान, खांदे, कंबर तिन्ही एकाच दिशेला काढली की गिरकी तिथेच थांबते. तुमचं बहुधा इथेच अडलंय.

जमलेल्या आकृतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून ती पुन्हा काढा, थोडी वळवून, कधी उलटी. नर्तकींची चित्रं काढणारा फ्रेंच चित्रकार देगा एकच आकृती अशी कितीतरी वेळा गिरवायचा.

शाईथेंब:
फुलांबद्दल. पॉपीच्या पाकळ्या फार लवकर गळतात, म्हणून मी फुलं आधी रंगवतो, नर्तकी नंतर. आधी देठाचा बाक, मग फुलाचं वजन. मागच्या फुलांच्या कडा ओल्या कागदावर विरू द्या, एखाद-दुसरीच कड धारदार ठेवा. आणि चमकदार फ्लुरोसंट गुलाबी टाळा, उजेडात तो लवकर उडतो. व्हॅन गॉगच्या १८९० मधल्या गुलाबांचा गुलाबी रंग असाच उडाला, आज ती फुलं जवळजवळ पांढरी दिसतात.

आभाळरेघ:
आत्ता ते चित्र बाहेर काढून पाहिलं. मान, खांदे, कंबर, तिन्ही समोरच! कोळसापूड, फुलांनाही तुमची एकच रेघ लागू पडते का?

कोळसापूड:
हो, देठापासून पाकळीच्या टोकापर्यंत. मी तर तिच्या पाठीचा बाक ज्या दिशेला, त्याच्या उलट दिशेला देठ झुकवते. मग फुलं चिकटवलेली वाटत नाहीत. नवीन कागद घ्या, जुन्यावर दुरुस्ती करू नका. रेखाटनं झाली की इथे टाका, मला बघायची आहेत.