मेमोरिअल हॉलमधील पंगत : आपले अनुभव लिहा

हार्वर्ड विद्यापीठाचा मेमोरिअल हॉल 1870 च्या दशकात उभा राहिला आणि त्यातील मुख्य दालन मुळात भोजनासाठीच बांधलेले होते. 1920 च्या दशकात तेथील जेवण बंद झाले. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी 1929 साली हार्वर्डमधून पदवीधर झाले, तेव्हा या पंगती उठून गेलेल्या होत्या. नूतनीकरणानंतर 1996 मध्ये हे दालन ‘ॲनेनबर्ग हॉल’ या नावाने प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी पुन्हा भोजनगृह झाले. ज्यांनी ते आधी किंवा नंतर पाहिले, त्यांनी सविस्तर लिहावे.

संशोधक विद्यार्थी, 1984
माझ्या वेळी तिथे परीक्षा होत. छपराच्या प्रचंड लाकडी कैच्यांकडे पाहण्यात माझी पहिली दहा मिनिटे गेली आणि शेवटचा प्रश्न राहिला, हा दोष सर्वस्वी माझा. इथे कधी काळी ताटे वाढली जात असतील, असे तेव्हा मनातही आले नव्हते.

प्रथम वर्ष, 2004
प्रथम वर्षाचे सुमारे सोळाशे जण तिथेच जेवत. दुसऱ्या वर्षी प्रत्येक जण आपापल्या वसतिगृहाच्या भोजनगृहात विभागला जातो, त्यामुळे सगळे एकत्र येण्याचे ते एकच वर्ष. लांबलचक टेबलांवर ‘आपली’ जागा अशी नसतेच. ट्रे घेऊन जिथे खुर्ची रिकामी दिसेल तिथे बसायचे. शेजारच्या मुलाच्या दह्याच्या वाटीत रंगीत काचेतून आलेला तांबडा कवडसा पडला होता, आणि आमचे बोलणे त्यावरूनच सुरू झाले.

वास्तुविशारद, पुणे
जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धाराचे काम करतो, म्हणून मुद्दाम पाहून आलो. रॉबर्ट व्हेंच्युरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन या वास्तुविशारदांच्या संस्थेने नूतनीकरण करताना वरच्या दालनात नवेपणा मिरवला नाही. ती हौस तळघरात भागवली. तिथे ‘लोकर कॉमन्स’ नावाचा अड्डा केला, खाण्याची दुकाने आणि सरकत्या अक्षरांचे इलेक्ट्रॉनिक फलक लावले. विद्यार्थ्यांच्या आधुनिक गरजांसाठी खास आखलेली हीच जागा आधी जुनी झाली आणि 2007 मध्ये तिथे पब आला. वर मात्र टेबल, खुर्ची, उंच छप्पर आणि जेवण एवढ्यावर अजून निभावते आहे. आपल्याकडे वाड्यांचे उपाहारगृह करणाऱ्यांनी हे तळघर आधी पाहावे, असे मला फार वाटते.

विद्यार्थिनीची आई, नाशिक
भोजनगृहाबाहेरच्या मार्गिकेत संगमरवराच्या 28 शिळा आहेत. अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढताना गेलेल्या 136 हार्वर्डकरांची नावे त्यांवर आहेत. दक्षिणेकडून लढलेल्यांची नाहीत. नावांसोबत मृत्यूचे ठिकाण आणि तारीखही कोरलेली आहे. मी एकेक वाचत उभी होते, तेवढ्यात ओले केस तसेच बांधून मुलगी धावत आली आणि न्याहारी संपेल म्हणून माझा हात धरून मला आत घेऊन गेली.