‘डिस्ट्रिक्ट जज’ म्हणजे आपला जिल्हा न्यायाधीश नव्हे

घाटावरचा: अमेरिकेत ९४ फेडरल, म्हणजे केंद्रीय, जिल्हा न्यायालयं. त्यातला कुठलाही एक न्यायाधीश उठतो आणि राष्ट्राध्यक्षाचा आदेश देशभर थांबवतो. उद्या साताऱ्याच्या जिल्हा न्यायाधीशाने केंद्राचा अध्यादेश थांबवला तर चालेल? निवडून आलेल्या माणसाने काम करायचं कधी? व्यवस्था सडली आहे.

एडिसनकर: हेच वाक्य वर्षभर वाचतोय, आज उत्तर देतोच. नावात ‘डिस्ट्रिक्ट’ आहे म्हणून तो आपला जिल्हा न्यायाधीश होत नाही. त्याला राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मंजुरी देतं, नेमणूक तहहयात. आमचं अख्खं न्यू जर्सी राज्य म्हणजे एक डिस्ट्रिक्ट. आपल्या जिल्हा न्यायाधीशाला कायदा घटनाबाह्य ठरवता येत नाही, तो प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो. इथल्याला ठरवता येतो. तुलना करायचीच तर मुंबई उच्च न्यायालयाशी करा, साताऱ्याशी नको.

आता घरचं सांगतो. बायकोच्या कामाच्या परवान्याचं नूतनीकरण अकरा महिने अडकलं. नोकरी गेली. फोन लावला की तेच रेकॉर्ड केलेलं उत्तर. शेवटी नेवार्कच्या फेडरल कोर्टात दावा लावला, फी ४०५ डॉलर. सरकारला उत्तराला ६० दिवस असतात. ५२व्या दिवशी परवाना मंजूर! सुनावणीची वेळच आली नाही.

घाटावरचा: वहिनींना न्याय मिळाला, आनंद आहे. पण तो एका माणसाचा दावा, मी देशभराच्या मनाईहुकमाबद्दल बोलतोय. टेक्सासमधलं अमारिलो विसरलात? तिथे लावलेला दावा कुठल्या न्यायाधीशापुढे जाणार हे आधीच माहीत असतं, म्हणून मुद्दाम तिथे लावला. त्याने २०२३ मध्ये गर्भपाताच्या गोळीची २००० सालची मान्यता स्थगित केली. आज या न्यायाधीशांची बाजू घेणारेच तेव्हा ‘एका न्यायाधीशाची मनमानी’ म्हणून ओरडत होते.

काळा कोट: अमारिलोचं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. पण तो आदेश वरच्या कोर्टाने रोखला आणि जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की या वादींना दावा लावायचा हक्कच नव्हता. शिवाय तुमची तक्रार शिळी आहे. २७ जून २०२५ ला, जन्मसिद्ध नागरिकत्वावर मर्यादा घालणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या आदेशावरून, सर्वोच्च न्यायालयाचा ६ विरुद्ध ३ असा निकाल आला: मनाईहुकूम वादींना दिलासा देण्यापुरताच. म्हणून लोक आता सामूहिक दाव्याकडे, म्हणजे एकाने सगळ्यांच्या वतीने लावलेल्या दाव्याकडे, वळलेत. आणि तिथल्या अपील न्यायालयांना ‘सर्किट’ म्हणजे फेरी म्हणतात, ते पूर्वी न्यायमूर्ती घोड्यावरून गावोगाव फिरत म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये तोच शब्द आहे.

मु. पो. सांगली: कोल्हापूरचं नाव निघालं म्हणून लिहितो. ते बेंच सुरू व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडला, मागणीत चाळीसहून जास्त वर्षं गेली. वडील जमिनीच्या अपिलासाठी रात्रीच्या एसटीने मुंबईला जायचे. पिशवीत फायली आणि भाकरी-चटणी. वकील पाच मिनिटं बोलायचे, की परत रात्रीची एसटी. वडील वारले तेव्हा अपील चालूच होतं. अमेरिकेचं अमेरिकेला लखलाभ.

रत्नागिरीकर: कोल्हापूर बेंचच्या सहा जिल्ह्यांत आम्हालाही ओढलंत, विचारलं कुणी? कोकणकन्या पकडली की सकाळी सीएसएमटी, तिथून चालत कोर्ट. कोल्हापूरला जायचं तर आंबा घाट.

मु. पो. सांगली: एका घाटापायी आमची चाळीस वर्षं मोडीत काढू नका!

रत्नागिरीकर: ‘एक घाट’ म्हणणं सोपं आहे, तुम्ही त्यात अडकत नाही. दरड आली आणि मी साखरप्याला पाच तास बसून होतो. वकिलाचा फोन आला, तारीख पुढे गेली. सर्किट म्हणता ना? मग महिन्यातून चार दिवस न्यायमूर्तींना रत्नागिरीत बसवा.

मु. पो. सांगली: रत्नागिरीत बसवा, माझी हरकत नाही. पण कोल्हापूर हलवायचं नाव काढायचं नाही.

घाटावरचा: मूळ मुद्द्यावर या. साताऱ्याची तुलना चुकली, तेवढी मागे घेतो. पण तहहयात नेमणूक मला पटणार नाही. आपले उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२व्या वर्षी घरी जातात.

एडिसनकर: घरी जातात, आणि काही जण सरकारने दिलेल्या पदावर परत येतात. इथल्याला निवृत्तीनंतरच्या सरकारी पदाची आशा धरावी लागत नाही, म्हणून त्याच्यासमोर उत्तर द्यायची वेळ आली की खातं हलतं. बायकोला दुसरी नोकरी लागली, पगार आधीपेक्षा कमी. ते अकरा महिने कुणी भरून दिले नाहीत.