मदत हवी आहे : वडिलांची सीटी गायडेड बायोप्सी गुरुवारी आहे, करावी की नाही?

सह्यकडा : वडिलांच्या उजव्या फुप्फुसात गाठ दिसली असून डॉक्टरांनी सीटी गायडेड बायोप्सी (सीटी स्कॅनवर बघत सुईने गाठीचा तुकडा काढणे) सांगितली आहे. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असे काकांनी आईच्या मनात पक्के भरवले आहे. करावी की नाही, एवढेच सांगावे; सर्वसाधारण सल्ले नकोत.

निळावंती : गाठ केवढी आहे आणि कडेला आहे की मुख्य श्वासनलिकेजवळ, हे आपण लिहिलेच नाही. श्वासनलिकेजवळच्या गाठीचा तुकडा बहुधा दुर्बिणीने घेतात. बाहेरून सुई कडेच्या गाठीसाठी सोयीची पडते.

जुना_खेळाडू : आधी पेट स्कॅन (शरीरात कुठे कुठे आजार सक्रिय आहे ते उजळून दाखवणारा स्कॅन) करून घ्या. माझ्या सासऱ्यांचे सगळे चित्र त्यातच स्पष्ट झाले होते.

निळावंती : पेटमध्ये क्षयाची गाठही उजळते, त्यामुळे आपल्याकडे केवळ त्यावर निदान करणे धोक्याचे आहे. शिवाय कॅन्सर निघालाच, तर ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या तपासण्यांसाठी तुकडा लागतो आणि औषध त्यांवरून ठरते. सुईच्या वाटेत पेशी रुजणे अत्यंत विरळ आहे. खरी जोखीम आहे ती फुप्फुसाभोवती हवा साचण्याची, म्हणजे न्यूमोथोरॅक्सची. ती हवा बहुतेकदा आपोआप जिरते, काहींना मात्र नळी घालावी लागते.

जुना_खेळाडू : पेट नकोच, असा याचा अर्थ होत नाही. आजार किती पसरला आहे, हे त्यातून कळते.

पैसापाणी : मेडिक्लेम असल्यास कॅशलेसची पूर्वपरवानगी आजच मागा. डे केअरच्या नियमांवरून आमचा दावा अडला होता.

सह्यकडा : मेडिक्लेमचे मी विचारलेले नाही. गाठ साडेतीन सेंटीमीटरची, कडेला आहे. विडी केव्हाच सोडली आहे. आता तरी कोणी हो किंवा नाही सांगेल का?

क्षकिरण : अशी बायोप्सी जेथे करतात, त्याच क्ष-किरण विभागात मी काम करतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का?

सह्यकडा : हो, मार्चमध्ये स्टेंट बसवल्यापासून क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन चालू आहे. त्याचा फुप्फुसाशी काय संबंध?

क्षकिरण : रक्तस्रावाशी आहे. क्लोपिडोग्रेल साधारणपणे पाच दिवस आधी थांबवतात, परंतु स्टेंट नवा असताना ती परस्पर बंद केल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते; म्हणून हृदयरोगतज्ज्ञ आणि बायोप्सी करणारे डॉक्टर या दोघांना आजच फोन करा. तारीख पुढे गेली तर जाऊ द्या, पण बायोप्सी टाळू नका. तेथे जागा बधिर करून, श्वास रोखायला सांगून सुई घालतात आणि ती गाठीत पोहोचल्याची खात्री स्कॅनवर करतात. त्या क्षणी खोकला आवरणे महत्त्वाचे असते, तेव्हा वडिलांना खोकला असेल तर तसे आधीच सांगा. एक तुकडा क्षयाच्या तपासणीसाठी सलाइनमध्ये ठेवण्याची विनंतीही करा, कारण फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवण्याच्या रसायनात) बुडवलेल्या तुकड्यातून जंतू वाढवता येत नाहीत.

सह्यकडा : फोन केला. हृदयरोगतज्ज्ञांचा निर्णय होईपर्यंत गुरुवारची तारीख रद्द झाली आहे. सलाइनची बाटली आम्ही न्यायची का?

क्षकिरण : नाही, ती तेथेच मिळते. सीटीची सीडी आणि रक्ताचे अहवाल मात्र न विसरता न्या.

जुना_खेळाडू : आता वेळ मिळालाच आहे, तर पेट उरकून घ्या.